सहा दहा ते सहा पन्नास

१ फेब्रुवारी २०१५, सकाळी ७.१५

निवृत्त झाल्यावर रोजनिशी लिहायची असं ठरवलं होतं. निवृत्त होऊन चौदा महिने झाले. आज सुरुवात. रोज एक पान, प्रामाणिकपणे. इथे कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

स्नेहांकित सोसायटी, नवीन पनवेल. तीन विंग, बहात्तर फ्लॅट. मी ए विंगमध्ये. सेक्रेटरीपदाचं हे तिसरं वर्ष, दुसरं कोणी उभंच राहत नाही. फेसबुकवर 'स्नेहांकित परिवार' हा ग्रुप मीच काढला. रोज सकाळी सहाला त्यावर एक सुविचार टाकतो. स्वतःचा, कुठून उचललेला नाही. आजचा: 'पाण्यासारखे व्हा, वाट आपोआप सापडेल.' एकवीस लाइक. त्याखाली सहा वाजून चार मिनिटांनी 'गाढीवरचा बगळा' नावाच्या इसमाची कॉमेंट: 'पान्याला वाट सापडंल. सी विंगला नवीन वॉल्व कदी सापडंल?' अठ्ठावीस लाइक.

या बगळ्याला ग्रुपमध्ये मीच घेतला होता. प्रोफाइलला गाढी नदीच्या पुलावरून काढलेला बगळ्याचा फोटो होता, पक्षीप्रेमी वाटला.

संकल्प: चहाच्या आधी फेसबुक बघायचं नाही.

३ फेब्रुवारी

चहाच्या आधीच बघितलं. चहाला उशीर झाला, यात माझा दोष नाही. सुविचार होता, 'जो धरून ठेवतो तो दमतो, जो सोडून देतो तो जिंकतो.' बगळा: 'सोडला तं सी विंग बिनपान्याची. एक डाव धरून बगा, साहेब.' सी विंगच्या लोकांनी हसण्याची चिन्हं टाकली. ओळीने अकरा.

ॲसिडिटी.

५ फेब्रुवारी

सकाळी काळूराम दारात. हा आपला पंपवाला, आपटा गावाकडचा, अकरा वर्षं इथे आहे. पहाटे येतो आणि एकेका विंगला पाणी सोडतो. आधी ए, मग सहा दहा ते सहा पन्नास सी, मग बी. सी विंगच्या वॉल्वची मूठ खराब झालीय. सोडली की आपोआप फिरते आणि पाणी बंद. त्यामुळे ती चाळीस मिनिटं त्याला दोन्ही हातांनी धरून उभं राहावं लागतं. दीड वर्ष झालं असेल. म्हणाला, साहेब, खांदा गेला माजा, कायतरी करा. मी म्हटलं, दोरी बांध. म्हणाला, तीनदा बांदली, तीनदा तुटली. अर्ज घेतला, शेरा मारला: विचाराधीन. हा त्याचा आठवा अर्ज.

माणूस अगदी साधा. दिवाळीत माझा जुना टचफोन त्याला देऊन टाकला, तर कॉल कसा घ्यायचा हे दोनदा दाखवावं लागलं. अशा माणसांमुळे जग चाललंय.

८ फेब्रुवारी

प्रामाणिकपणे लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. ग्रुपवर आशालता नावाच्या एक बाई आहेत. त्या म्हणजे मी. प्रोफाइलला जास्वंदीचं फूल. ए विंगला वाटतं त्या बी विंगमध्ये राहतात, बी विंगला वाटतं सीमध्ये.

हे खातं फेक नव्हे. फेक म्हणजे ज्याचा हेतू वाईट. आशालताताईंचा हेतू एवढाच, की चांगल्या कामाला चांगलं म्हणणारं कोणीतरी असावं. बहात्तर फ्लॅटमधून कोणी म्हणत नाही, मग माणसाने करायचं काय?

आज त्यांनी बगळ्याला सुनावलं: 'हिंमत असेल तर नाव घेऊन समोर या.' सात लाइक. बरं वाटलं.

ललिता, म्हणजे आमची ही, विचारत होती की रोज सकाळी तुमचं कौतुक करणारी ही बया कोण. मी म्हटलं, असेल कोणी सुजाण.

११ फेब्रुवारी

ग्रुपवर प्रदीर्घ लेख टाकला. विषय: 'मुखवटा'. मुद्दा असा की नाव लपवून बोलणं हा भ्याडपणा आहे, आणि अशा माणसाचा मुखवटा फाडणं हे समाजाचं कर्तव्य. दोन दिवस लागले. डोळे चुरचुरताहेत. आशालताताईंनी लेख तीनदा वाचल्याचं कळवलं.

ललिताने एकदा वाचला. म्हणाली, पण ज्याला नावानिशी बोललं तर भोवेल, त्याने काय करायचं? मी म्हटलं, त्याने अर्ज करावा. ती भाजी निवडायला गेली. हिला तात्त्विक चर्चेची आवड कधीच नव्हती.

बगळ्याची कॉमेंट: 'लेख चांगला हाय. वॉल्व?'

त्याला ग्रुपमधून काढता येईल, बटण माझ्याच हातात आहे. पण मग मी घाबरलो असं दिसेल. शिवाय तो गेला की लोकही ग्रुपवर फिरकणार नाहीत, ही एक अडचण आहेच.

१४ फेब्रुवारी

शोधकार्य सुरू. कोऱ्या वहीत रकाने पाडले. बगळा किती वाजता बोलतो, किती वाजता गप्प बसतो. महिनाभर नोंद करणार. ऑफिसमध्ये छत्तीस वर्षं हजेरीपट सांभाळला, हे काम मला नवीन नाही.

भाषेचा मुद्दा बाजूला ठेवतोय. हाय, नाय, कदी हे सगळं सोंग आहे. कोणी शिकलेला माणूस मुद्दाम लिहितोय. खरोखर तसं बोलणारा माणूस फेसबुकवर कशाला येईल?

संकल्प: सकाळी फिरायला जाणं, उद्यापासून.

२२ फेब्रुवारी

फिरायला गेलो नाही. त्याच वेळी नोंदी कराव्या लागतात.

२ मार्च

सुविचार: 'सहनशीलता हाच खरा दागिना.' बगळा: 'दागिना खांद्याला टोचतो.' अर्थ लागला नाही. नोंद मात्र केली, ६.०३.

मान आखडली आहे. दिवसभर वही आणि फोन, फोन आणि वही. ललिता म्हणते, एवढा वेळ एखाद्या प्लंबरला दिला असता तर वॉल्व बसला असता. तिलाही बगळ्याची भाषा चिकटली.

१२ मार्च, सकाळी ९

सापडला!

सत्तावीस दिवसांच्या नोंदी. सहा ते सहा दहा, बगळा बोलतो. सहा पन्नासनंतर पुन्हा बोलतो. मधल्या चाळीस मिनिटांत एकही कॉमेंट नाही. एकही! सहा दहा ते सहा पन्नास म्हणजे सी विंगची पाण्याची वेळ. तेव्हा त्याचे हात गुंतलेले असतात. म्हणजे तो पाणी भरतो. म्हणजे तो सी विंगचा.

आता सी विंगमध्ये घरोघर बायका पाणी भरतात. पुरुष स्वतः भरतो तो एकच, जो एकटा राहतो. फ्लॅट ३०४, भाडेकरू प्रणित कोळी. वय सव्वीस, उरणचा, कंटेनर यार्डमध्ये नोकरी. आणि उरणचा म्हटल्यावर भाषेचाही उलगडा झाला. ते सोंग नव्हतंच, ती त्याची घरची भाषा. मला आधीपासून शंका होती.

थकलो, पण हा थकवा वेगळा.

१३ मार्च

प्रणितला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. म्हणालो, कबूल कर, विषय इथेच मिटवू. तो म्हणाला, काका, मी त्या ग्रुपवर फक्त पाण्याची वेळ बघतो, आणि सहा वाजता मी कंपनीच्या बसमध्ये असतो. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, शेजारच्या काकू त्यांच्या पाइपने माझं पिंप भरून ठेवतात. सगळं न अडखळता सांगितलं. खरं बोलणारा माणूस थोडा तरी अडखळतो.

जाताना म्हणाला, काका, ही खोली मला आईसाठी लागते. आई आठवड्यातून दोनदा उरणहून इथे डायलिसिसला येते, झाल्यावर दोन-तीन तास तिला बसवत नाही, नुसती पडून असते. तेवढं बघा. मी म्हटलं, इथे आईचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.

नंतर चहा कडू लागला. साखर संपली असावी.

१४ मार्च

चेअरमन उदयसिंह यांच्याशी चर्चा. त्यांना वही दाखवली. रकाने न बघता म्हणाले, नाव टाका फळ्यावर, पुढचं मी बघतो. त्यांच्या विंगमधून त्या मुलाच्या सुक्या बोंबलांबद्दल तक्रारी होत्याच म्हणे.

नाव जाहीर करावं की करू नये यावर मी अर्धा तास खोल विचार केला. एका बाजूला माणसाचं खासगीपण. दुसऱ्या बाजूला सत्तावीस दिवसांची मेहनत. शेवटी गेटवरच्या फळ्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गाढीवरचा बगळा म्हणजे फ्लॅट ३०४ चे भाडेकरू श्री. प्रणित कोळी. सभासदांनी नोंद घ्यावी.' श्री. लावायला विसरलो नाही. संस्कार.

१५ मार्च

सुविचारावर एकशे चार लाइक. उच्चांक. ग्रुपवर लोक त्या मुलाला वाटेल ते बोलताहेत, स्वतःच्या नावाने बोलताहेत हे चांगलं. कोणी लिहिलं, असल्यांना घर देऊच नये. कोणी त्याच्या आईचाही उल्लेख केला. तो मी काढून टाकणार होतो, पण तेवढ्यात जेवण वाढलं.

सहा वाजून पाच मिनिटांनी बगळा: 'त्यो पोरगा नाय. त्याला सोडा.' गुन्हेगार दुसरं काय म्हणणार? आशालताताईंनी हाच मुद्दा मांडला.

१७ मार्च

खारघरला राहणारे ३०४ चे मालक उदयसिंहांच्या एका फोनवर तयार झाले. मुलाने ३१ तारखेपर्यंत खोली रिकामी करायची आहे. मी असं काही सुचवलं नव्हतं. मी फक्त नाव सांगितलं.

ललिता आज दिवसभरात चार वाक्यं बोलली, त्यातली तीन गॅस सिलिंडरबद्दल. चौथं, पोराने डबे आवरायला घेतलेत.

२० मार्च

प्रणित जिन्यात भेटला. 'काका' म्हणाला नाही. नुसता बाजूला झाला आणि मला वाट दिली. हात रेलिंगवर ठेवून मी थोडा वेळ तिथेच थांबलो. चपला. चांभाराला दाखवायला हव्यात.

२४ मार्च, दुपारी ४

काळूराम आला होता. चपला बाहेर काढून उभा राहिला. मला वाटलं, नववा अर्ज. म्हणाला, साहेब, त्यो पोरगा नाय, बगळा मी हाय.

मी हसलो. त्याने खिशातून फोन काढला. माझाच जुना फोन. त्यावर बगळा उघडा होता, गाढीच्या पुलावरून काढलेला तो फोटो, खाली मासे नसलेलं पाणी. म्हणाला, सहा धाला वॉल्व धरतो, मंग दोनी हात अडकतात, सहा पन्नासला सुटतात.

वही टेबलावरच होती. सत्तावीस दिवस बरोबरच होते. बसायला त्याला सांगायचं राहून गेलं, पण मी स्वतः बसलो.

विचारलं, समोर येऊन का बोलला नाहीस? म्हणाला, आठ डाव आलो, साहेब, तुमी विचाराधीन लिवलं. बगळा बोलला तवा सगल्यांनी वाचलं. म्हणाला, माजं नाव लिवलं असतं तं तुमी दुसऱ्या दिवशी मना काडला असता. मी म्हटलं, छे, असं कसं.

मग म्हणाला, तुमीच लिवलं व्हतं, नाव घेऊन समोर या. आलो. आता पोराचं खोली सोडनं थांबवा, त्याची आय आजारी हाय.

दाराशी जाऊन पुन्हा वळला. दिवालीला फोन दिलात, म्हणाला, तवा त्यात ती बाय उगडीच व्हती. आशालता. मी बंद केली. कोनाला बोललो नाय. म्हटलं, आसंल मानसाची कायतरी गरज.

मी त्याला म्हटलं, घाई करू नकोस, तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे, मी बघतो.

२५ मार्च

बघतोय. तीन पर्याय. एक, खरं सांगणं: काळूरामची नोकरी जाईल, म्हणजे त्याच्यावर अन्याय. दोन, काळूरामला वगळून नुसतं 'माझी चूक झाली' असं सांगणं: लोक विचारतील मग कोण, म्हणजे पुन्हा तेच. तीन, काही न बोलणं. यात काळूराम वाचतो. त्याच्यासाठी म्हणून तिसरा.

हातून काही चांगलं होतंय असं वाटत नाही, पण तत्त्व नेहमी कठोर असतं.

२६ मार्च, पहाटे ५.४०

आज खरोखर फिरायला निघालो. गेटवर फळा. माझ्या मजकुराखाली खडूने, मोठ्या वाकड्या अक्षरात: 'पोरगा नाय. मी हाय. काळूराम पंपवाला.'

अजून कोणी उठलेलं नव्हतं. रुमाल ओला करून ती ओळ पुसली. त्याच्या भल्यासाठी. माझी ओळ राहू दिली, कारण ती अधिकृत आहे.

फिरायला गेलो नाही. रुमाल धुवायचा होता.

२७ मार्च

काळूरामने फळा बघितला असणार. पंपाच्या खोलीची किल्ली माझ्या दाराच्या कडीला अडकवून गेला. सोबत कागद, नववा अर्ज: 'काम सोडतो. खांदा दुकतो.' यावर शेरा मारायचा की नाही कळेना.

बगळ्याचं खातंही ग्रुपवर दिसत नाही. लोक म्हणतात, बघा, नाव फुटलं आणि पळाला.

२८ मार्च

सी विंगला पाणी नाही. फोन एकवीस. उदयसिंह म्हणाले, नवीन माणूस मिळेपर्यंत सेक्रेटरींनी बघावं. त्यांना ब्लडप्रेशर आहे.

सहा दहाला वॉल्व धरला. पाच मिनिटांत मनगट भरून आलं. दहाव्या मिनिटाला कळलं, मान वळवून धरली की खांद्यात कळ जाते आणि सरळ धरली की पाठीत. सहा पस्तीसला दोरी बांधली. तुटली.

आज सुविचार नाही.

३१ मार्च

प्रणितचा टेंपो सकाळी साडेसहालाच आला, त्याला पुढे ड्युटी होती. पंपाच्या खोलीच्या दारातून सगळं दिसतं. एक गादी, एक पिंप, दोन खोकी. त्याची आई गेटजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. हाताला पट्टी, पाय सुजलेले. ती मला ओळखत नाही. पाण्याचा आवाज ऐकून दारापर्यंत आली आणि म्हणाली, दादा, एवडी बाटली भरून देता का?

हात सोडता येत नव्हता. सोडला असता तर सी विंगचं पाणी बंद झालं असतं, चोवीस घरं. तेवढं तिला सांगितलं. ती म्हणाली, ऱ्हाव दे दादा, तुमच्या हाताला काम हाय. आणि माझ्याकडे बघत म्हणाली, दुकत आसंल ना?

मी वॉल्वकडे बघत राहिलो. टेंपो सहा पंचेचाळीसला गेला. डोळ्यांत पाणी आलं ते खांद्यामुळे असेल असं लिहिणार होतो. खांद्यामुळे नव्हतं.

१ एप्रिल

संकल्प: प्रणितची जाहीर माफी मागायची. स्वतःच्या नावाने. आजच.

२ एप्रिल

मसुदा पहिला: 'काही गैरसमजातून...' फाडला. मसुदा दुसरा: 'मी, अविनाश टिपणीस, सेक्रेटरी...' इथपर्यंत चांगला झाला. पुढे पेन अडलं. बहात्तर घरं वाचणार. उद्या.

ललिताने दुसरा मसुदा केराच्या टोपलीतून काढून वाचला. म्हणाली, सुरुवात बरी आहे. बऱ्याच दिवसांनी जवळ बसली होती. मी म्हटलं, आज होईल. ती उठेपर्यंत झालं नाही.

३ एप्रिल

वॉल्व. खांदा. झोपलो.

४ एप्रिल

माफी टाकली. मजकूर उत्तम उतरला, एक शब्द लपवलेला नाही: 'त्या मुलाचा काहीही दोष नव्हता. त्याच्यावर आणि त्याच्या आईवर अन्याय झाला. काळूराम सांगत होता, त्याचं कोणी ऐकलं नाही. सोसायटीच्या वतीने मी हात जोडून क्षमा मागते.'

मागते. म्हणजे आशालताताईंनी. माझ्या नावाने टाकायला बोट पुढे गेलं होतं, पण खांदा दुखत होता, आणि ताईंचं खातं समोर उघडंच होतं. अखेर माफी मागितली जाणं महत्त्वाचं, मागितली कोणी हे गौण.

प्रतिक्रिया फारशा नाहीत. उदयसिंहांनी विचारलं, ही बाई नक्की कुठल्या विंगची?

५ एप्रिल, सकाळी ७

सहा दहा ते सहा पन्नास वॉल्व. नवीन वॉल्व आणायला प्लंबर गेलाय, पुढच्या आठवड्यात बसेल म्हणाला. अर्ध्या तासाचं काम आहे म्हणे.

सहा एक्कावन्नला फोन बघितला. प्रणितची कॉमेंट सहा बाराला येऊन पडली होती. 'धन्यवाद ताई. पूर्ण सोसायटीत तुम्ही एकट्या बोललात. आईला वाचून दाखवलं, ती रडली. मंगळवारी डायलिसिसला येतोय. ती म्हणते, या बाईला भेटल्याशिवाय जायचं नाही. तुमचा फ्लॅट नंबर सांगा.'

तीनदा वाचली. चहा पुढे ठेवून ललिता उभी होती, तिने विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

उत्तर विचाराधीन.